व्यायाम कुणाचा?

संधिवात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आजी येते. गुडघ्याला तेल चोळणारी, जिना चढताना मध्ये दोनदा थांबणारी, पावसाळी हवा आली की आधी जिच्या हाडांना कळतं ती. दोन वेण्या घातलेली, पाठीवर दप्तर असलेली बारा वर्षांची पोर काही कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. म्हणूनच माझ्या धाकट्या नणंदेच्या मुलीच्या दुखण्याला खरं नाव मिळायला आठ महिने गेले.

सुरुवात डाव्या गुडघ्यापासून झाली. कुणी म्हणालं, खेळताना लागलं असेल. कुणी म्हणालं, वाढीच्या वयात पाय दुखतातच. दही बंद झालं, वातूळ म्हणून हरभऱ्याची डाळ बंद झाली, तीन तऱ्हेची तेलं चोळून झाली. मग उजवं मनगट धरलं. सकाळी उठली की तासभर पोरीला वेणी घालता येईना, बाथरूमच्या नळाची चावी फिरवता येईना. आणि दहा वाजले की बऱ्यापैकी ठीक. त्यामुळे शाळा चुकवायचं निमित्त काढते, असंही बोलणारे निघाले. शेवटी पुण्याला लहान मुलांच्या संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा निदान झालं.

या आजाराचं नाव जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस. सोळाव्या वाढदिवसाच्या आत सुरू झालेली आणि सहा आठवडे किंवा त्याहून जास्त टिकलेली सांध्याची सूज, जिचं दुसरं काही कारण सापडत नाही, तिला हे नाव देतात. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच आपल्या सांध्याच्या अस्तरावर उलटते. दह्याने होत नाही, डाळीने होत नाही, आईच्या हलगर्जीपणाने तर नाहीच नाही. हे शेवटचं वाक्य डॉक्टरांनी माझ्या नणंदेला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिला ते ऐकूच आलं नाही.

औषधं सुरू झाली. त्यातली मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही. आमच्याकडे संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत, म्हणून शनिवारी जेवण होताच गोळी. रविवारी पोटात ढवळायचं, सोमवारी शाळा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही ठरावीक दिवसांनी जायला सांगितलं. या आजारात डोळा लाल न होता, न दुखता आतून सुजू शकतो; मशीनवर तपासल्याशिवाय कळत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण डोळ्याचं सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर आणखी एक ओळ लिहिली, व्यायाम. खरा विषय तोच आहे.

पूर्वी अशा मुलांना विश्रांती सांगत. सांध्याला फळी बांधायची, पळू नको, उडी मारू नको. आता तसं नाही. दुखरा गुडघा थोडा वाकवून ठेवला की बरं वाटतं, म्हणून मूल तो वाकवूनच ठेवतं. मांडीचा पुढचा स्नायू वापरात राहत नाही, बारीक होत जातो. मागचे स्नायू आखडतात. मग औषधाने सूज उतरली तरी पाय सरळ होत नाही. सूज उतरवणं औषधाचं काम, पाय सरळ राखणं व्यायामाचं. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी घरचे व्यायाम शिकवले ते असे: जमिनीवर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्याने खाली दाबायची आणि पाच आकडे मोजायचे. मग पाय सरळ ठेवून वर उचलायचा. घोटा वर-खाली. दोन्ही तळवे नमस्कारासारखे जोडून कोपरं हळूहळू बाजूला न्यायची, म्हणजे मनगट ताणलं जातं. आधी गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं. खर्च शून्य, जागा एका चटईची.

नणंदेने तक्ता केला आणि फ्रिजवर लावला. रोज व्यायाम झाला की बरोबरची खूण. महिन्याचे तीस दिवस, तीस खुणा. तीन महिन्यांनी बाईंनी टेपने दोन्ही मांड्या मोजल्या, तर डावी मांडी आधीपेक्षाही बारीक. खुणा सगळ्या खोट्या होत्या. पोर दार लावून चटईवर पडून राहायची आणि वीस मिनिटांनी बाहेर येऊन खूण करायची.

त्या दिवशी घरात काय झालं असेल ते आयांना सांगायला नको. नणंद रडतरडत आमच्या शहापूरच्या घरी आली. "वहिनी, तुम्हीच विचारा तिला. माझ्याशी बोलतच नाही." मी विचारलं. बराच वेळ गप्प राहून पोर म्हणाली, "मामी, ते व्यायाम आईचे आहेत की. मी कशाला करू?"

आमच्याकडे मुलीसुद्धा 'मी करतो, मी जातो' म्हणतात. तिचं ते 'मी' त्या दिवशी मला फार लागलं. सांधे तिचे, दुखणं तिचं, पण औषधाची वेळ आईची, डॉक्टर आईचे, तक्ता आईचा. 'व्यायाम केलास का?' हा प्रश्न दिवसातून चार वेळा. बस्तीत दर्शनाला गेली तर खाली बसता येत नाही म्हणून खुर्ची, आणि मग बायकांचं, "अगंबाई, एवढ्या वयात खुर्ची?" वर्गात पीटीच्या तासाला बाकावर. चौदा वर्षांच्या मुलीला आधीच स्वतःचं म्हणावं असं थोडंच असतं. त्यातलं शरीरही दुसऱ्यांच्या ताब्यात गेलं, तर ती दार लावून पडणारच.

दिवाळीला माझा मुलगा बेंगळुराहून आला, तो डोळ्यांना लावायचा हेडसेट घेऊन. मेटा कंपनीचा क्वेस्ट. डोळ्यांवर चढवला की आपली खोली दिसेनाशी होते, चारी बाजूंना दुसरंच जग. दोन्ही हातांत एकेक कंट्रोलर. त्यावर बीट सेबर नावाचा खेळ आहे: गाण्याच्या ठेक्यावर समोरून चौकोनी ठोकळे येतात, ते हातातल्या प्रकाशाच्या तलवारींनी कापायचे, मध्येच भिंत आली तर खाली वाकून चुकवायची. सुट्टीला आलेली भाची अर्धा तास ते खेळली. वाकली, उठली, हात डोक्यावर नेले. वर्षभरात तिला एवढं हलताना आम्ही पाहिलं नव्हतं. हेडसेट काढला तेव्हा घाम आलेला आणि चेहरा फुललेला. सासूबाई म्हणाल्या, "हे कसलं औषध म्हणायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मनगट सुजलं होतं.

म्हणून सुट्टी संपताच हा प्रश्न घेऊन आम्ही बाईंकडे गेलो: हा खेळ बरा की घरचा व्यायाम? बाई तरुण होत्या, त्यांनी खेळाला नावं ठेवली नाहीत. उलट बरंच सांगितलं. व्यायामासाठी असे खेळ वापरणं नवीन नाही. 2006 मध्ये निन्टेंडोचा वी आला, तेव्हापासून फिजिओथेरपीत त्याचा उपयोग सुरू झाला. 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट आला. त्यात हातात काही धरायचंच नव्हतं, कॅमेराच शरीराची हालचाल ओळखायचा. तो किनेक्ट वापरून इस्तंबूलच्या फिजिओथेरपिस्टांनी याच आजाराच्या मुलांवर अभ्यास केला आणि 2019 मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका गटाला खेळ, दुसऱ्या गटाला रोजच्या कामांतल्या हालचालींचा सराव. फायदा दोन्ही गटांना झाला, आणि काही बाबतींत खेळणाऱ्या मुलांना जास्त.

वेदना का विसरते, तेही त्यांनी समजावलं. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात भाजलेल्या रुग्णांसाठी स्नोवर्ल्ड नावाचं आभासी जग तयार केलं होतं. जखमेची मलमपट्टी चालू असताना रुग्ण त्या बर्फाच्या जगात शिरून बर्फाचे गोळे फेकायचा आणि त्याला दुखणं कमी जाणवायचं. माणसाचं लक्ष एका वेळी सगळीकडे पुरत नाही. ते खेळात गुंतलं की दुखण्याच्या वाट्याला कमी येतं.

"पण हीच गोष्ट उलटतेसुद्धा," बाई म्हणाल्या. दुखणं हा सांध्याचा निरोप असतो. खेळात तो निरोप ऐकूच आला नाही, तर सुजलेलं मनगट मूल तसंच फिरवत राहतं. शिवाय खेळाला कुठलं हे कळतंय की हिचा डावा गुडघा दुखरा आहे? त्याला ठोकळा कापला गेल्याशी मतलब. पोर उजव्या पायावर भार देऊन वाकते आणि गुण पूर्ण मिळवते. बारीक झालेली मांडी बारीकच राहते. नेमक्या त्या स्नायूपर्यंत टॉवेलची गुंडाळी पोचते, खेळ पोचेलच असं नाही. आणि तो हेडसेट साधारण अर्धा किलोचा; या आजारात कधी कधी मानेचे सांधेही धरतात, तेव्हा एवढा भार मानेला नको.

मग उत्तर काय? बाईंनी दोन्हींची वाटणी करून दिली. टॉवेल, पाय उचलणं आणि मनगटाचा ताण हे रोज. खेळ दमसासासाठी आणि मजेसाठी, एका वेळी पंधरा मिनिटं, मनगटाला पट्टा बांधून, सूज असेल त्या दिवशी नाही. आधी डोळे तपासलेले असावेत. कंपनीनेच दहा वर्षांखालच्या मुलांना हे लावू नका असं सांगितलेलं आहे. हॉलमधला टीपॉय हलवून निदान दोन मीटर लांब-रुंद जागा मोकळी करायची आणि मोठं माणूस खोलीत हवं, कारण आतल्याला भिंत दिसत नाही. चक्कर आली की थांबायचं. आणि हेडसेट नाही म्हणून कुणी हळहळू नका, असंही त्या म्हणाल्या. सायकल, पोहणं, गाण्यावर नाचणं, सगळं चालतं. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं हालचाल सांगते, आणि शारीरिक अडचण असलेल्या मुलांनाही त्यातून वगळत नाही. ती कशातून करायची, ते ज्याने त्याने बघायचं.

माझ्या मनात मात्र बाईंच्या वाटणीपलीकडचं एक राहिलं. खेळाने त्या पोरीला जे दिलं ते यंत्रात नव्हतं. खेळाची वेळ तिने ठरवली. किती ठोकळे कापले ते तिने मोजलं. हरली तर पुन्हा खेळायचं की नाही, ते तिने ठरवलं. आणि दादा शेजारी उभा राहून ओरडत होता, म्हणजे सोबत होती. टॉवेलच्या व्यायामात यातलं काहीच नव्हतं; होती ती एकटी पोर आणि दाराबाहेरची आई. घरचा व्यायाम वाईट नसतो, एकटा असतो.

हे मी नणंदेला सांगितलं. तिने दुसऱ्या दिवशी फ्रिजवरचा तक्ता काढला, एवढंच. तक्ता कुठे लावायचा, लावायचा की नाही, ते तुझं तू बघ म्हणाली. पोरीने आठ दिवस काहीच केलं नाही. ते आठ दिवस तोंड बंद ठेवणं हा माझ्या नणंदेचा व्यायाम होता, आणि तो फार अवघड असतो.

नवव्या दिवशी पोरीचा फोन आला, आमच्या सासूबाईंना. सासूबाईंचे गुडघे वयाने झिजलेले. तो आजार वेगळा, पण मांडीचा पुढचा स्नायू बळकट करायला त्यांनाही टॉवेलचाच व्यायाम सांगितलेला आणि त्यांनीही तो कधी केलेला नाही. "आज्जी, तू कर, मी पण करतो." आता शाळेतून आल्यावर, जेवणाआधी, टिळकवाडीतून व्हिडिओ कॉल येतो. इकडे सासूबाई चटईवर, तिकडे नात. आकडे मोजायचं काम नातीचं. आजी चार म्हणता पाच म्हणते, हे तिने कधीच पकडलंय. "आज्जी, फसवू नको की!" असं ओरडते तेव्हा मला त्या तीस खुणा आठवतात आणि मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावते.

हेडसेट मुलाबरोबर बेंगळुराला परत गेला. पाडव्याला आला तेव्हा पुन्हा निघाला, आठवडाभर खेळून झाला आणि नवेपणा ओसरला. यंत्राचं तसं होतंच. मांडीतला फरक आता पुष्कळ कमी झालाय. शिकवणीला ती सायकलने जाते. काही दिवस व्यायाम बुडतो, गोळीच्या दुसऱ्या दिवशी तर बहुतेक बुडतोच, आणि कॉल आला नाही की सासूबाई उगीच फोनकडे बघत बसतात. आजार गेलेला नाही. तो अजून किती वर्षं आहे ते कुणी सांगितलेलं नाही. बस्तीत अजून कधी कधी खुर्ची लागते. मागच्या वेळी एकीने विचारलं तर पोरीनेच उत्तर दिलं, "गुडघ्यात सूज आहे मावशी, पुढच्या आठवड्यात खाली बसतो."

तुमच्या घरात, शेजारात असं मूल असेल तर खेळ घ्यावा की नाही यावर फार डोकं शिणवू नका. परवडला, डॉक्टरांनी हो म्हटलं, तर घ्या. नाहीतर राहू द्या. टॉवेल प्रत्येक घरात असतो. त्याच्यासोबत चटईवर कोण बसणार, ते आधी ठरवा, आणि आकडे मुलाला मोजू द्या.