दोन अक्षरांचा देश

हरवलेली वस्तू शोधण्यात एक प्रकारचं सुख असतं. चष्मा हरवला की सारं घर कामाला लागतं. गाद्या उलथ्यापालथ्या होतात, जुनी भांडणं उकरली जातात आणि शेवटी चष्मा देव्हाऱ्यात सापडतो. पण जी वस्तू हरवलेलीच नाही आणि तरी दिसत नाही, ती शोधायची कशी? गेल्या दिवाळीत माझ्यावर हा प्रसंग आला. न दिसणारी वस्तू होती हवेतून चालणारी एक वाट.

माझी थोरली बहीण, ताई, आमच्याकडेच जामखेडला असते. तिचा एकुलता एक मुलगा सहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी टोकियोला गेला. गेल्या उन्हाळ्यात तो आला तेव्हा आपला जुना लॅपटॉप आईसाठी ठेवून गेला. त्यावर लिनक्स आहे. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहिला आणि मग जगभरच्या लोकांनी तो वाढवला. कुणीही ही प्रणाली फुकट घ्यावी, उघडून पाहावी, बिघडली तर दुरुस्त करावी. सार्वजनिक आडासारखा हा प्रकार आहे; पाणी सगळ्यांचं, फक्त पोहरा आपला आपण आणायचा.

ताईला या साऱ्याचं काय? तिला रविवारी संध्याकाळी मुलाचं तोंड दिसलं म्हणजे झालं. आपल्याकडे सात वाजतात तेव्हा तिकडे साडेदहा झालेले असतात. तो जेवून पडद्यासमोर बसतो. पण चित्र अडकायचं. ओठ आधी हलायचे, शब्द मागून यायचे, कधी तो तोंड उघडं ठेवून तसाच थिजायचा आणि ताई म्हणायची, "बघ रे, काय म्हणत होता ते राहिलंच!"

म्हणून दसऱ्याला मी नवा राउटर आणला. त्याच्या दोन वाटा असतात, एक २.४ गिगाहर्ट्झची आणि दुसरी ५ ची. पहिली वाट म्हणजे आठवडे बाजाराच्या दिवशीची पेठ. एकमेकांना धक्का न लावता चालता येईल असे तिच्यात तीनच मार्ग, १, ६ आणि ११. आणि आळीतल्या प्रत्येक घराचा राउटर त्यातच घुसलेला. दुसरी वाट रुंद आणि मोकळी. जाड भिंत आली की ती बिचारी थकते. पण आमचा राउटर आणि ताईचा लॅपटॉप दोन्ही माजघरातच होते. माझ्या फोनवर दोन्ही वाटांची नावं झळकली. लॅपटॉपवर मात्र एकच. दुसरीचा पत्ता नाही.

मी मराठीचा मास्तर. तरीही वर्गात 'येत नाही' म्हणणाऱ्या मुलाला मी आधी विचारतो, नक्की काय येत नाही? तोच प्रश्न यंत्राला विचारायचं ठरवलं. लिनक्सचा हा एक गुण मला फार आवडतो: विचारलं तर ते सरळ उत्तर देतं.

पहिला प्रश्न असा, की या लॅपटॉपला ५ ची वाट ऐकू येण्यासारखे कान तरी आहेत का? पुष्कळ स्वस्त यंत्रांना ते नसतातच, आणि मग उपायही नसतो. 'आयडब्ल्यू लिस्ट' अशी आज्ञा लिहिली. लांबलचक यादी आली आणि तिच्यात दोन्ही पट्टे होते. म्हणजे कान शाबूत. पण दुसऱ्या पट्ट्याची यादी खाली वाचत गेलो तर १४९ क्रमांकापासून पुढं एकच शब्द: 'डिसेबल्ड'. बंद! आणि फोनवर पाहिलं तर राउटर नेमका १४९ वरून हाका मारीत होता. दार वाजवणारा बाहेर उभा, आणि आतून कडी.

कडी लावली कुणी? दुसरी आज्ञा दिली, 'आयडब्ल्यू रेग गेट', म्हणजे तू कोणत्या देशाचा कायदा पाळतोस ते सांग. उत्तर आलं दोन अक्षरांचं: 'जेपी'. जपान.

हवा सगळ्यांची असली तरी तिच्यातल्या लहरींवर प्रत्येक देशाचा कायदा चालतो. माझ्या आजोबांच्या पेटीत रेडिओच्या परवान्याचं पुस्तक होतं. नुसतं ऐकण्यासाठीसुद्धा पोस्टात पैसे भरावे लागत. आता २०१८ च्या ऑक्टोबरात आपल्या सरकारनं ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे परवान्यावाचून वापरायला मोकळे केले. १४९ क्रमांक त्यातच, ५७४५ वर बसतो. जपानात मात्र त्या भागात वायफायला मज्जाव आहे. तिथल्या हमरस्त्यांवरचे टोलनाके न थांबणाऱ्या मोटारींशी ५.८ गिगाहर्ट्झवर बोलतात. तेव्हा भाच्याचा लॅपटॉप जामखेडच्या माजघरात बसून टोकियोच्या टोलनाक्याचा मान राखीत होता!

आणि देश कोणता हेच ठाऊक नसलं तर? मग लिनक्स देशाच्या जागी दोन शून्यं लिहितं, आणि ५ च्या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी स्वतःहून पहिला शब्द काढत नाही. नुसतं ऐकतं. हे वाचलं आणि मला आजोबांचीच आठवण झाली. त्यांच्या तरुणपणी आमचं जामखेड इंग्रजी मुलखात, आणि पाटोदा, आष्टी, बीड निजामाकडे. त्या मुलखाला सगळे मोगलाई म्हणत. हद्द ओलांडली की करोडगिरीचा नाका लागे, नाणं बदलून हाली शिक्का येई. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी संपली आणि ती हद्दही गेली. पण आजोबांची सवय शेवटपर्यंत राहिली. परक्या गावी गेले की म्हणत, "आधी ऐकावं, मुलूख कुणाचा ते कळू द्यावं, मग तोंड उघडावं."

मी तिसरी आज्ञा लिहिली, 'आयडब्ल्यू रेग सेट आयएन'. परवलीचा शब्द दिला. थोड्याच वेळात यादीत दुसरी वाट उमटली. तेवढ्यात भाच्याचा फोन वाजला आणि ताई पदरानं पडदा पुसून समोर बसली. चित्र असं स्वच्छ, की त्याच्या कानशिलावरचा पांढरा केसही दिसला. ताईला तो दिसला, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

पण काम पुरं झालं नव्हतं. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं की ते पुन्हा जपानी होणार. कारण सुरू होताना ते जी ओळ वाचतं, तिच्यातच भाच्यानं 'जेपी' लिहून ठेवलं होतं. तिकडे राहताना ते बरोबरच होतं. मी त्याला विचारलं, "ती ओळ कायमची बदलू का? की तुला हा लॅपटॉप परत न्यायचाय?"

तो हसला. "बदलून टाका मामा. तो आता तिकडचाच झाला."

ताई माझ्या खांद्यावरून पुढं वाकली. "आणि तू रे?"

त्यानं उत्तर दिलं नाही. त्याचा चेहरा पडद्यावर स्थिर राहिला. बाहेर पोरांनी लावलेली फटाक्यांची माळ तडतडत संपली. ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "पुन्हा अडकलं का रे?"

मी कोपऱ्यातल्या खुणेकडे पाहिलं. सगळ्या रेषा भरलेल्या होत्या.