शस्त्रांची झीज

गेल्या खंडेनवमीच्या आदल्या सायंकाळी गांधी बाजारातून झेंडूची फुले आणि एक भला थोरला कोहळा घेऊन आम्ही घरी परतलो, तेव्हा आमच्या दिवाणखान्यात तलवार मोडली होती. मोडली ती पडद्यावर, पण आमच्या नातवाने टाकलेला सुस्कारा खराखुरा होता. ऐन रणधुमाळीत, शत्रू समोर उभा असताना, त्याच्या वीराच्या हातातील खड्गाचे तुकडे होऊन हवेत विरून गेले, आणि तो वीर झाडाची एक वाळकी फांदी उपसून पुन्हा लढू लागला.

“हा खेळच वाईट,” आमचे चिरंजीव वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले. “कष्टाने मिळवलेली वस्तू चार घावांत मोडायची, म्हणजे मिळवायची तरी कशाला?”

“बाबा, पण म्हणूनच मजा येते ना!” नातू म्हणाला.

दोघांनीही आमच्याकडे पाहिले. आम्ही निवृत्त मास्तर. बसवनगुडीत पन्नासहून अधिक वर्षे काढलेली. या घरात वाद झाला की निकाल आमच्याकडे येतो. एरवी वाद सांबारात गूळ असावा की नसावा एवढ्यापुरता असतो, आणि त्याचा निकाल सौभाग्यवतींच्या मुद्रेकडे पाहून देता येतो. या वेळी मात्र आम्हांस विषयच नवा होता. तेव्हा कोहळा कोपऱ्यात ठेवून आम्ही आधी साक्षीपुरावा घेतला.

नातवाचा खेळ जपानच्या निन्टेन्डो कंपनीने २०१७ साली काढलेला. नाव ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’. त्यात लिंक नावाचा एक तरुण उजाड झालेल्या राज्यात हिंडतो. त्याला मिळणारे प्रत्येक शस्त्र ठरावीक घाव घालून झाले की मोडते. मोडण्यापूर्वी खेळ तशी सूचना देतो, आणि मोडतानाचा शेवटचा घाव दुप्पट जोराने लागतो. ही शेवटची सोय आम्हांस फार आवडली; माणसांतही असे काही जण आमच्या पाहण्यात आहेत. एकच खास तलवार कायमची मोडत नाही. ती थकते आणि दहा मिनिटे विसावा घेऊन पुन्हा कामावर रुजू होते.

चिरंजीवांचे प्रेम दुसऱ्या एका मालिकेवर. तिच्या २००६ सालच्या ‘ऑब्लिव्हियन’ या भागात शस्त्रे आणि चिलखते झिजत असत, आणि खेळणाऱ्याला हातोड्या बाळगून ती वारंवार ठोकून नीट करावी लागत. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये कर्त्यांनी ती झीज साफ काढून टाकली. चिरंजीवांच्या मते सुधारणा म्हणतात ती ही. “दिवसभर ऑफिसात मोडलेले नीट करायचे आणि रात्री घरी येऊनही तेच?” हा त्यांचा सवाल निरुत्तर करणारा आहे, हे आम्ही कबूल करतो.

नातवाने मग ‘माइनक्राफ्ट’ नावाच्या तिसऱ्या खेळाची साक्ष काढली. त्यात जमीन खणण्याचे हत्यार असते. लाकडाचे ५९ वेळा चालते, लोखंडाचे २५०, हिऱ्याचे १५६१. आणि सोन्याचे अवघे ३२! हे ऐकून स्वयंपाकघरातून सौभाग्यवतीही डोकावल्या. या हत्याराला मराठीत टिकाव म्हणतात, हे आम्ही नातवास सांगितले. कशापुढे निभाव लागणे यालाही आपण टिकाव लागणे म्हणतो. सोन्याचा टिकाव टिकाव धरीत नाही, हे वाक्य त्याने तीनदा म्हणून घेतले. बंगळुरात वाढणाऱ्या मराठी मुलाच्या पदरात एवढे पडले, तरी आमची संध्याकाळ सार्थकी लागली होती.

परंतु निकाल द्यावयाचा होता. आम्ही नातवाला त्याच्या वीराची झोळी उघडून दाखवावयास सांगितली, आणि मौज अशी की तीत एकाहून एक सरस तलवारी, भाले आणि ढाली ठासून भरल्या होत्या. इतकी आयुधे जवळ असता हा पोरगा फांद्यांनी का लढतो? “त्या मोठ्या शत्रूसाठी ठेवल्यात, आजोबा. आत्ता वापरल्या तर मोडतील.” मोठा शत्रू भेटला की त्याहूनही मोठा पुढे असेल म्हणून पुन्हा फांदीच! चिरंजीव हसून म्हणाले की सगळे खेळणारे हेच करतात.

आम्हांस कर्ण आठवला. कवचकुंडले देऊन त्याने इंद्रापासून वासवी शक्ती घेतली, ती एकदाच वापरता येणारी. अर्जुनासाठी म्हणून त्याने ती जपून ठेवली. रणात दिवसामागून दिवस गेले, ती बाहेर निघाली नाही. आणि निघाली ती रात्रीच्या युद्धात घटोत्कचावर, कौरवसेनेची त्रेधा उडाली तेव्हा. कृष्णाला त्या वेळी हर्ष झाला, असे व्यासांनी लिहून ठेवले आहे. आम्ही लहानपणी ही कथा कृष्णाच्या चातुर्याची म्हणून ऐकली होती. नातवाची झोळी पाहिल्यावर ती आम्हांस जपून ठेवण्याची कथा वाटू लागली. अर्जुनाचे भाते अक्षय खरे. परंतु कृष्णाच्या पश्चात, द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन जात असता आभीरांनी वाट अडविली, तेव्हा तेही रिते झालेच. महाभारतातही न झिजणारे शस्त्र फार काळ टिकत नाही.

येथवर आमचा कल नातवाकडे होता. तो आणखी झुकला तो क्रिकेटमुळे, आणि या गावात राहून क्रिकेटचा विषय टाळणे आम्हांस कधीच जमलेले नाही. क्रिकेटचा चेंडू हेही झिजणारे शस्त्रच नव्हे काय? कोरा असताना तो वेगवान गोलंदाजाचा. लकाकी गेली, शिवण दबली, कातडे खरबरीत झाले की फिरकीवाल्याचा. तो बदलत जातो म्हणून खेळ बदलत जातो. आमच्या तरुणपणी भारताचे आरंभीचे गोलंदाज जणू लकाकी उतरविण्यापुरतेच असत. प्रसंगी सुनील गावसकरांसारख्या फलंदाजानेही नवा चेंडू टाकावा, आणि तो जुना झाला की प्रसन्न, चंद्रशेखर यांच्या हाती द्यावा. १९७१ साली ओव्हलवर चंद्रशेखरांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, तेव्हा आमच्या गल्लीत उत्सव झाला. १९७३-७४ च्या हंगामात मात्र आमची पंचाईत झाली. सलग १५ वर्षे रणजी करंडक राखणाऱ्या मुंबईला कर्नाटकाने उपांत्य सामन्यात याच शहरात नमविले. शेजारी पेढे घेऊन आले. आम्ही पेढा घेतला, खाल्ला, आणि तो कोणत्या हृदयाने खाल्ला हे आजवर कोणास सांगितले नाही. पुढे याच बसवनगुडीच्या नॅशनल हायस्कुलात शिकलेल्या अनिल कुंबळे यांनी फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्लीला पाकिस्तानचे दहाच्या दहा गडी टिपले. बिनबाद १०१ वरून सर्व बाद २०७! कोऱ्या चेंडूवर पहिली जोडी निर्धास्त खेळत होती, हे विसरू नये.

झीज काढून टाकली तर काय होते, याचा प्रयोगही क्रिकेटने करून पाहिला आहे. २०११ च्या ऑक्टोबरपासून एकदिवसीय सामन्यात दोन टोकांकडून दोन नवे चेंडू आले. डाव ५० षटकांचा, म्हणजे कोणताही चेंडू २५ षटकांपलीकडे म्हातारा होईना. उलटा स्विंग दुर्मिळ झाला, फिरकीची धार बोथटली, धावांचा पूर आला. सचिन तेंडुलकरांनी २०१८ साली या नियमाविरुद्ध जाहीरपणे तक्रार केली. अखेर जुलै २०२५ पासून पुरुषांच्या सामन्यांत असे ठरले की दोन चेंडू पहिल्या ३४ षटकांपुरतेच, आणि उरलेली षटके त्यांतल्या एकाच चेंडूने टाकावयाची. चौदा वर्षांनी थोडे म्हातारपण परत आणावे लागले.

“मग मीच जिंकलो,” नातू म्हणाला.

“थांबा,” चिरंजीव म्हणाले. “चेंडू दोन्ही बाजूंना सारखाच जुना होतो. आणि तो झिजतो. दहाव्या षटकात फुटून नाहीसा होत नाही.”

मुलाने बापाला गप्प करण्याचे प्रसंग आमच्या आयुष्यात थोडे नाहीत, त्यांत हा एक. झिजणे आणि मोडणे या दोन गोष्टी आम्ही इतका वेळ एकच धरून चाललो होतो. सौभाग्यवतींनी त्यात भर घातली. त्यांच्या माहेरी पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घेत. टाकीवाली बाई यायची, तास दोन तास ठोकायची, आणि दुसऱ्या दिवशीच्या चटणीत थोडी कचकच लागायची. विळीला धार, भांड्यांना कल्हई. वस्तू झिजे आणि माणसाच्या हातून पुन्हा उभी राही. म्हणून ती आपली होई. “या खेळात टाकीवाली आहे का?” त्यांनी विचारले. नातवाने बराच विचार करून सांगितले की एक राक्षसी ऑक्टोपससारखा प्राणी आहे. गंजलेले शस्त्र त्याच्यापुढे टाकले की तो ते गिळतो आणि लखलखीत करून थुंकतो. सौभाग्यवतींना हे किळसवाणे वाटले, परंतु तत्त्वतः त्यांचे समाधान झाले. आमचेही मत तेथे ठरले. नीट करता येत असेल तर झीज खेळाला रंग आणते. नीट करता येत नसेल तर ती नुसती उधळपट्टी, आणि उधळपट्टीच्या भीतीने माणूस कृपण होतो. असा निकाल देऊन आम्ही जेवावयास उठलो.

हा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी टिकला नाही.

खंडेनवमीस, येथील आयुधपूजेस, आमच्या देवघरापुढे विळी, कात्री, चिरंजीवांचा संगणक, आमची लेखणी आणि यंदा नातवाचे ते खेळाचे यंत्रही मांडले होते. बाहेर रस्त्यावर रिक्षांना केळीचे खुंट बांधलेले, कुंकू भरलेले कोहळे फुटत होते. आणि नेहमीप्रमाणे आम्ही माळ्यावरून बॅट काढली, जवसाच्या तेलाचा हात फिरविला, तिला हळदकुंकू वाहिले.

“आजोबा, ही नवी आहे का?” नातवाने विचारले.

ती १९६७ सालची आहे. आम्ही शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालो, तेव्हा मिरजेस रेल्वेत नोकरीस असलेल्या आमच्या थोरल्या बंधूंनी, अण्णांनी, ती पाठविली. त्या काळी आम्हांस ती इतकी मोलाची वाटली की मैदानावर न्यावयाचा धीर होईना. आम्ही मित्रांच्या फुटक्या बॅटींनी खेळलो, आणि ही घरी तेल पीत राहिली. वास्तविक विलोचे लाकूड चेंडूचा मार खाऊनच घट्ट होते. नव्या बॅटीला आधी जुन्या चेंडूने हलके हलके ठोकावे लागते, नाहीतर ती नाजूकच राहते. हे आम्हांस ठाऊक होते. तरीही ठोकली नाही. अण्णा पत्रातून विचारीत, “किती धावा झाल्या?” आम्ही परीक्षेचे, पावसाचे, आईच्या प्रकृतीचे लिहीत असू.

एका दसऱ्यास अण्णा आले. पूजेत मांडलेली बॅट त्यांनी उचलली, तिच्या पात्यावरून तळवा फिरविला, उलटी करून कडा पाहिल्या. “बाळ, हिच्यावर एकही डाग नाही रे,” एवढेच ते म्हणाले, आणि बॅट जागेवर ठेवून त्यांनी हात जोडले. पुन्हा कधी पत्रातून त्यांनी धावा विचारल्या नाहीत. १९८९ साली ते गेले. त्यानंतर वहिनींनी आम्हांस सांगितले की ती बॅट त्यांनी स्वतःसाठी आणली होती. दोन संध्याकाळी खोलीत आरशापुढे ती धरून ते उभे राहिले, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, मला आता मैदान कुठले. त्याला आहे, त्याला पाठवू.

आम्ही तिची निगा राखण्यात कसूर केली नव्हती. टाकीवालीचे, कल्हईवाल्याचे सारे काम आम्ही वर्षानुवर्षे करीत आलो होतो; झीज तेवढी नव्हती. आदल्या रात्रीच्या आमच्या निकालात हिला कोठेच जागा नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी सोने वाटून झाल्यावर आम्ही बॅट नातवाच्या हाती दिली. तो आमच्या तोंडाकडे पाहू लागला. “फुटली तर?” आम्ही म्हटले, “घेऊन जा.” त्याच्या मित्रांत कातडी चेंडूने खेळणारे दोघे होते, ते तिघे नॅशनल कॉलेजच्या मैदानाकडे गेले. आम्ही बरोबर गेलो नाही. अंगणात खुर्ची टाकून बसलो, आणि वर्तमानपत्राचे तेच पान बराच वेळ वाचले.

तासाभरात तो परतला. बॅट छातीशी धरलेली, चेहरा उतरलेला. बुंध्यापासून वर वीतभर चीर गेली होती. अर्धशतक वाळलेल्या लाकडाचे आणखी काय व्हावयाचे! पात्यावर चेंडूचे चार लाल डाग होते. चवथा अगदी मध्यावर.

“आजोबा, सॉरी,” तो म्हणाला.

आम्ही विचारले, “चेंडू कुठवर गेला?”

तो क्षणभर गोंधळला. मग त्याने हात लांब केला आणि सांगू लागला, की गोलंदाजाच्या डोक्यावरून, त्या पलीकडच्या झाडांवरून, आणि अजून सापडलेला नाही. ते दोघे अजून शोधताहेत.