कुणासाठी नसलेली फुलं

तिरोडी,
संक्रांतीनंतरचा रविवार

ती. ताईस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "आता फुलं आणायची तरी कुणासाठी?" तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. आज दुपार मोकळी आहे म्हणून लिहायला बसले.

भाऊजी गेल्यापासून तू फुलपुडी बंद केलीस, हे मला ठाऊक आहे. रोज सकाळी दाराच्या कडीला अडकवलेली ती पुडी तेच आत आणायचे. आता ती दारात दिसली की तुला नको होत असेल. ती पुन्हा सुरू कर, असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या त्या 'कुणासाठी'ला माझ्याजवळ एक उत्तर आहे, आणि ते इथल्या धानाच्या बांध्यांमध्ये उगवलेलं आहे.

तिरोडीचं नाव बाहेर कुणाला माहीत असलंच तर दगडामुळे. १९०२ पासून इथं मॅंगनीजची खाण आहे. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत 'तिरोडी नाइस' नावाचा खडकही आहे. काळा दगड, काळी भुकटी, मालगाडीचे डबे. फुलांसाठी आमच्या गावाचं नाव अजून कुणी घेतलेलं नाही. पण खाणीचा रस्ता सोडून शेताकडे वळलं, की या दिवसांत धुऱ्यावरून चालताना दोन्ही बाजूंना निळं दिसतं. ती लाखोरी.

तू पुण्याला गेलीस त्याला इतकी वर्षं झाली, की उतेरा कसा पेरतात हे कदाचित विसरली असशील. धान अजून उभं असतं, कापणीला दोन-तीन आठवडे असतात, बांधीत चिखलाची ओल असते. त्याच ओलीत लाखोरीचं बी नुसतं फेकून द्यायचं. नांगर नाही, पाणी नाही, खत नाही. धान कापून खळ्यावर जातं आणि मागे उरलेल्या धसकटांमधून हे रोप वर येतं. बांधीत उरलेली ओल आणि रात्रीचं दव, एवढ्यावर त्याचा हिवाळा निघतो. जाताना मुळांतल्या गाठींनी जमिनीला नत्र देऊन जातं ते वेगळंच. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. पण बावनथडी नदीच्या या काठाला आणि त्या काठाला हिवाळ्यात बांध्या निळ्याच होतात.

ही लाखोरी काही साधी नाही बरं. दुष्काळात दुसरं काहीच नसताना जे महिनोन्‌महिने हिच्यावरच जगले, त्यांतल्या कितीतरी जणांचे पाय लुळे पडले. तिच्या दाण्यातल्या एका द्रव्याचा हा परिणाम. म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. लोकांनी पेरणं मात्र सोडलं नाही, कारण जिथं दुसरं पीक उभं राहत नाही तिथं ही उभी राहते. आईच्या हातचे लाखोरीच्या डाळीचे वडे तुला आठवत असतील. त्या डाळीचं फूल नीट पाहिल्याचं मात्र मला आठवत नाही. आपण दोघी त्या धुऱ्यांवरून शाळेत जात होतो तरीही. तेव्हा ती आपल्यासाठी डाळ होती.

लाखोरीच्या पुढच्या तुकड्यात जवस आहे. त्याचा निळा वेगळा, फिका आणि पातळ. ऊन वर आलं की फूल उघडतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळूनही जातात. सकाळी नऊला गेलं तर सगळा तुकडा फुललेला, जेवून गेलं तर नुसत्या हिरव्या काड्या आणि खाली पाकळ्यांचा सडा. दुसऱ्या दिवशी नवी फुलं. म्हणून मी आता सकाळचा चहा झाला की आधी तिकडे जाते, भांडी मागाहून. पलीकडे चण्याला छोटी जांभळट फुलं आली आहेत. त्यात पहाटे अनवाणी शिरलं तर पायाला चुरचुरतं, कारण पानांवरच्या दवात आम्ल उतरलेलं असतं. जुनी माणसं रात्री चण्यावर कापड पसरून ठेवायची आणि सकाळी पिळून ती आंब बाटलीत भरायची, पोटदुखीवर द्यायला. आणि आमच्या परसात सांबार, म्हणजे तुमच्या पुण्याची कोथिंबीर, तुऱ्यावर आलाय. भाजीला खुडायचा राहून गेला तेवढ्या वाफ्यावर आता पांढऱ्या बारीक फुलांची जाळी आहे आणि दिवसभर मधमाश्या.

आता शेवंतीची एक गोष्ट सांगते. शेजारच्या वहिनींच्या ओट्यावर पिवळ्या शेवंतीची कुंडी आहे. गेल्या वर्षी त्यांच्या दारासमोर रस्त्यावर नवा दिवा लागला आणि शेवंती फुललीच नाही. झाड हिरवंगार, पण कळी नाही. त्या शेणखत घालत राहिल्या, कुणी सांगितलं दृष्ट लागली. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा मला दिव्याचाच संशय आला. १९२० मध्ये गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या झाडावरून दाखवून दिलं, की काही झाडं दिवस किती लांबीचा आहे हे ओळखून फुलतात. पुढे कळलं, की अशी झाडं खरं तर रात्र मोजतात. शेवंतीला लांब आणि सलग काळोख लागतो. मध्येच उजेड पडला तर तिचा हिशोब चुकतो. बाजारासाठी शेवंती पिकवणारे हेच उलटं वापरतात. फूल लांबवायचं असेल तर रात्री दिवे लावून ठेवतात. यंदा दसऱ्यानंतर आम्ही ती कुंडी मागच्या अंगणात नेली, जिथं संध्याकाळनंतर खरोखर अंधार असतो. नाताळच्या सुमाराला पहिली फुलं उमलली.

ताई, तू आता म्हणशील, ही मला शिकवायला बसली, की अंधारातूनच फूल येतं, दुःख सोसलं की बहर येतो वगैरे. तसं मी मुळीच म्हणत नाही. कारण त्याच शिवारातल्या जवसाला बरोबर उलटं हवं असतं, दिवस वाढत जाणारे. डिसेंबरात आपल्याकडे दिवस पावणेअकरा तासांचा होतो आणि संक्रांतीपासून त्याचं वाढणं जाणवू लागतं, ते जवसाच्या पथ्यावर पडतं. एकाला रात्र लागते, दुसऱ्याला दिवस, आणि लाखोरीला तर कुणीतरी उरलेली ओल वापरू दिली की पुरे. यातून माणसानं कसं वागावं याचा एकच एक धडा निघत नाही. तुला सध्या काय हवंय, एकटेपण की माणसं, हे तुझं तुलाच कळेल. लोकांचं ऐकून ओट्यावर बसून राहू नकोस आणि लोकांचं ऐकून आतही जाऊ नकोस.

मला म्हणायचंय ते एवढंच. या सगळ्यांतलं वहिनींच्या शेवंतीखेरीज एकही फूल कुणी फुलासाठी लावलेलं नाही. लाखोरी वड्यांसाठी, जवस चटणीला आणि तेलाला, चणा डाळीला, सांबार भाजीवर घालायला. फूल हा त्यांच्या कामातला मधला टप्पा. मधमाशी आली तर तिच्यासाठी, नाही आली तरी फुलायचं थांबत नाही. देवाला वाहायला यांतलं काही चालत नाही, वेणीत माळता येत नाही, फुलदाणीत ठेवलं तर तासाभरात मान टाकतं. आपल्यासाठी ते नाहीच. आणि तरी त्या धुऱ्यावर उभं राहिलं की मला हलकं वाटतं, पुन्हा भूक लागते, दिवसाची कामं ओझं वाटत नाहीत. कदाचित म्हणूनच वाटत असेल. तिथं माझ्यावर कसलीच जबाबदारी नसते. कुणाला द्यायचं नाही, कुणासाठी जपायचं नाही, वाळलं तर वाईट वाटून घ्यायचं नाही.

वर्गात मी मुलांना एक गोष्ट दरवर्षी सांगायची आणि दरवर्षी मुलं खिडकीबाहेर बघायची. हिरव्या पानात पाणी फोडून प्राणवायू मोकळा करण्याचं काम जिथं चालतं, तिथं मॅंगनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक अणू असतो. त्यांच्यावाचून ते काम होत नाही. ज्या काळ्या दगडासाठी या गावात रेल्वे आली, तोच धातू इथल्या प्रत्येक पानात आहे, वजन करता येणार नाही इतका थोडा. इथं राहून मला फुलं सापडली याचं आता मला नवल वाटत नाही.

तर तुझ्या 'कुणासाठी'ला माझं उत्तर असं, की कुणासाठीही नाही, आणि त्यानं काही अडत नाही. फुलपुडी बंदच राहू दे. तू दुसरं कर. डब्यातले मूठभर धणे घे, लाटणं फिरवून दोन फाका कर, रात्रभर भिजव आणि तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कुंडीत पेर. सकाळचं ऊन तिथं येतं असं तूच मागे म्हणाली होतीस. उगवायला आठवडा-दीड आठवडा लागेल, घाबरू नकोस. अर्धी कुंडी भाजीला खुड, अर्धी तशीच राहू दे. पुण्यातली थंडी अजून महिनाभर तरी आहे, मग उन्हं चढू लागली की तुरे धरतील. कुणी विचारलं तर सांग, भाजीसाठी लावलाय. ते खोटंही नाही.

आणि पळस फुलायच्या आत ये. नागपूरहून पुढे तुमसरला आलीस की उतरवून घ्यायला आम्ही येऊ. तिथून तिरोडीची गाडी आहे. 'हे' म्हणतात, ताई आल्या तर लाखोरीचे वडे पाहिजेत. डाळ मी आजच चाळून ठेवली आहे. पिशवीत तिळगूळ वेगळा पाठवतेय, वाटेत फुटला तर चुरा चहाबरोबर खा.

तुझी,
धाकटी