वडील रेल्वेत होते

प्रवेशअर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. तुम्हीही तो कधी ना कधी भरला असेल. 1985 साली सोलापुरात अकरावीला प्रवेश घेताना मी त्या रकान्यात ‘रेल्वेत नोकरी’ असे लिहिले. ते खोटे नव्हते. वर्गातील मैत्रिणींनी त्यावरून माझे वडील स्टेशनमास्तर असावेत असा तर्क केला आणि मी तो खोडून काढला नाही. वडील मोडनिंबच्या गँगमध्ये गँगमन होते. रुळाखालची खडी सारखी करायची, ढिले झालेले सांधे आवळायचे, पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन मैलोगणती लाईन तपासत चालायचे, हे त्यांचे काम. पुढे मी भाषाशास्त्रात पीएच.डी. मिळवली, महाविद्यालयात शिकवू लागले, तरी ओळख करून देताना ‘वडील रेल्वेत होते’ एवढेच वाक्य माझ्या तोंडी राहिले. आमच्या शास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर व्यापक अर्थाच्या शब्दाआड मी नेमका शब्द लपवत होते. अर्थविचार शिकवणाऱ्या बाईने हे करावे, यातला विनोद मला फार उशिरा कळला.

मोडनिंब हे माढा तालुक्यातील गाव. पुणे-सोलापूर महामार्गाने जाणाऱ्यांना ते चहापाण्यापुरते माहीत असते. आमच्या लहानपणी मात्र गावाचे घड्याळ रस्त्यावर नव्हे, रुळावर चाले. कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी नॅरोगेज गाडी गावात येई आणि तिच्या शिटीवर चुली पेटत. रूळ अवघे 2 फूट 6 इंच रुंदीचे. त्यावर लहानखुरे डबे आणि पुढे धापा टाकणारे इंजिन. चढावर ती इतकी मंद होई की पोरे उतरून बोरे वेचत आणि धावत पुन्हा डब्यात चढत. आषाढीत तर टपही रिकामा नसे. वारकरी टाळांसह वर बसत. त्या दिवसांत गँगला उसंत नसायची. पंढरपूर इतके जवळ असून वडिलांना आषाढीचे दर्शन नोकरीत असेपर्यंत घडले नाही. लाखो माणसे ज्या रुळांवरून विठ्ठलाकडे गेली, ते रूळ सांभाळणारा माणूस वाटेतच थांबलेला असे.

या गाडीला सारा मुलूख ‘बार्शी लाईट’ म्हणे. भाषेच्या विद्यार्थ्याने या नावापाशी क्षणभर थांबावे असे मला वाटते. मूळ नाव ‘बार्शी लाईट रेल्वे’. त्यातील ‘रेल्वे’ हे मुख्य पद बोलण्यात गळून पडले आणि विशेषणच नाम होऊन बसले. ‘लाईट’ म्हणजे येथे हलकी: हलके रूळ, हलके डबे, बेताचा खर्च. ब्रिटनमध्ये 1896 साली अशा हलक्या लोहमार्गांसाठी स्वतंत्र कायदाच झाला होता. मराठीत मात्र ‘लाईट’ हा शब्द येतो तो दिव्याच्या आणि विजेच्या अर्थाने. ‘लाईट गेली’ असे आपण रोज म्हणतो. त्यामुळे लहानपणी माझी पक्की समजूत होती, की वडील रात्री कंदील घेऊन जातात म्हणूनच या गाडीला बार्शी लाईट म्हणतात. त्या कंदिलाला तीन रंगांच्या काचा होत्या. चुकीची असली तरी ही व्युत्पत्ती मला अजून सोडवत नाही.

2013 साली एका अभ्यासवृत्तीवर सहा आठवडे मी मँचेस्टरला होते. रविवारी ग्रंथालय बंद. खोलीत बसून कंटाळा येई, म्हणून एका रविवारी बक्स्टनला जाणाऱ्या गाडीत बसले. मँचेस्टर सोडल्यावर स्टॉकपोर्टचा विटांचा उंच पूल लागतो. 1840 सालचा, 27 कमानींचा. मी खिडकीला नाक लावून तो पाहत होते. समोर दोन वयस्क गृहस्थ बसले होते. दोघांच्या अंगात पावसाळी कोट, गुडघ्यावर वह्या, गळ्यात दुर्बीण. इंग्रजीत अशा रेल्वेवेड्यांना त्यांच्या कोटाच्याच नावाने ‘अनोरॅक’ म्हणतात. लक्षणेचे याहून चांगले उदाहरण वर्गात मला कधी सापडले नव्हते. त्यांतल्या एकाने विचारले, पूल आवडला का. मग आपण कुठल्या, हा प्रश्न आला. मी ‘इंडिया’ म्हणाले. ते पुरेसे झाले नाही. ‘महाराष्ट्र’ म्हणाले, तेही पुरेसे झाले नाही. सोलापूर जिल्हा म्हणताच दुसऱ्याने वही बंद केली आणि विचारले, “बार्शीच्या जवळ?”

मोडनिंब हे नाव मी मँचेस्टरच्या परिसरात उच्चारेन असे मला कधी वाटले नव्हते. त्या माणसाने ते नकाशावर पाहिलेले होते. कुर्डुवाडी, मोडनिंब, पंढरपूर अशी ओळ त्याने चुकीच्या उच्चारांत पण बिनचूक क्रमाने म्हणून दाखवली.

पुढचा अर्धा तास ते दोघे बोलत होते आणि मी, बार्शी लाईटच्या कुशीत वाढलेली मुलगी, श्रोता होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने ही लाईन आखली. जन्म 1857 चा. तरुणपणी तो भारतात जीआयपी रेल्वेत नोकरीला होता. बार्शीची कापसाची बाजारपेठ मोठी, पण मुख्य लोहमार्गापासून वीसेक मैल दूर. माल बैलगाड्यांनी जाई. कॅलथ्रॉपने लंडनमध्ये कंपनी उभी केली आणि 1897 साली बार्शीला गाडी आली. त्याचे सूत्र एका आकड्यात मावते: कोणत्याही आसावर 5 टनांहून अधिक भार नको. इंजिन असो, प्रवासी डबा असो वा मालडबा, भार सगळीकडे सारखा विभागायचा. मग हलक्या रुळांवरूनही मोठे ओझे जाते. 1906 मध्ये लाईन पंढरपूरला पोहोचली, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला. त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारला. हा गृहस्थ अरबी घोडे पाळी, आणि उतारवयात त्याने वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केले, हेही मला तेथेच कळले.

त्यांची भाषा ऐकण्यासारखी होती. बार्शीच्या पहिल्या इंजिनांचा उल्लेख ते ‘शून्य-आठ-चार’ असा करीत. पुढे आधाराची चाके एकही नाहीत, मध्ये जोडलेली आठ, मागे चार. चाके मोजून इंजिनाला नाव देण्याची ही पद्धत जगभरच्या रेल्वेप्रेमींना ठाऊक असते. एक शब्दही न समजता दोन देशांतली माणसे या अंकांवर तासभर गप्पा मारू शकतील. मी मनातल्या मनात ती बोली टिपून घेत होते. सवय जात नाही.

मग त्यांनी सांगितले, की बार्शी लाईटची धाकटी बहीण येथून जवळच होती. बक्स्टनच्या दक्षिणेला मॅनिफोल्ड नदीच्या दरीत कॅलथ्रॉपने तशीच 2 फूट 6 इंचांची लाईन आखली होती. 1904 ला सुरू झाली, 1934 ला बंद पडली. “गाडी आहे आमची, येता का?” मी गेले. परक्या देशात अनोळखी माणसांच्या मोटारीत बसू नये, हे आईने शिकवलेले मी त्या दिवशी विसरले.

हल्म एंड येथे आता रूळ नाहीत. जुने तिकीटघर आहे, इंजिनाची शेड आहे आणि जेथे लाईन होती तेथे चालण्याची, सायकलींची वाट. तिकीटघरातल्या एका छायाचित्रापुढे मी उभी राहिले. त्यातल्या इंजिनाचे नावच ‘ई. आर. कॅलथ्रॉप’ होते आणि त्याच्या कपाळावर मोठा थोरला दिवा होता, आपल्याकडच्या गाड्यांना असतो तसा. त्या शांत, कुंपणांनी बांधलेल्या इंग्रजी दरीत इतक्या मोठ्या दिव्याचे काय काम? पण लाईट ती लाईट. माझ्या लहानपणच्या व्युत्पत्तीला इतक्या दूर एक साक्षीदार मिळाला म्हणून मी हसले. सोबत्यांना ते हसू समजले नाही, आणि मीही समजावत बसले नाही.

वाटेवर चालताना त्यांनी विचारले, तुमच्या घरी कोणी रेल्वेत होते का. मी सवयीने म्हणाले, “वडील रेल्वेत होते.” त्यावर माझ्या आयुष्यात प्रथमच कोणी पुढचा प्रश्न विचारला: “कोणत्या खात्यात?”

मी सांगितले. गँगमन.

तो माणूस चालता चालता थांबला. म्हणाला, “मीसुद्धा.” निवृत्तीपूर्वी तो बँकेत होता. आता दर शनिवारी-रविवारी जतन केलेल्या एका जुन्या लाईनवर विनामूल्य रूळ दुरुस्त करायला जात असे, स्वखर्चाने. तुम्हाला हे चमत्कारिक वाटेल, मलाही वाटले. परंतु तेथे ही जुनीच रीत आहे. वेल्समधील तालिलिन रेल्वे 1951 पासून अशा स्वयंसेवकांनी चालवली, आणि मग देशभर तसे लोहमार्ग उभे राहिले. त्याने हाताचे तळवे पुढे करून घट्टे दाखवले. त्यात अभिमान होता.

खरे सांगते, मला राग आला. माझ्या वडिलांच्या हातांनाही घट्टे होते आणि ते त्यांनी कोणाला दाखवले नाहीत. उन्हाने रूळ तापले असताना, पावसात चिखलात उभे राहून, ज्या कामाने त्यांची पाठ वयाच्या पन्नाशीत वाकली, ते काम हा माणूस हौसेखातर करीत होता आणि सोमवारी विश्रांती घेत होता. हौस ही ज्याला सोडून देता येते त्याची असते. पण राग पुरता उमटण्याआधीच त्याने दुसरा प्रश्न विचारला: “तुमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर तुमचे वडील लाईन पातळीत कशी ठेवत?”

मला उत्तर देता आले नाही. वडील 2006 मध्ये गेले होते. सोलापूर जिल्ह्यातल्या बोलींवर मी प्रबंध लिहिला होता. कुंभारांचे, कोष्ट्यांचे, मोटकऱ्यांचे शब्द गावोगाव फिरून गोळा केले होते. घरात एक माणूस चाळीस वर्षे एका व्यवसायाची परिभाषा बोलत होता आणि त्याच्याकडे मी वही घेऊन एकदाही बसले नव्हते. कसे बसणार? तसे केले असते तर तो व्यवसाय कागदावर आला असता. त्या परक्या माणसाला जे ऐकण्याची ओढ होती, ते झाकण्यात माझी वर्षे गेली होती.

परतल्यावर मी मोडनिंबला गेले. या शतकाच्या आरंभी कुर्डुवाडी-पंढरपूर मार्गावर ब्रॉडगेज आले. जुने रूळ उखडले, गाड्या वेगाने जाऊ लागल्या. बोरे वेचायला उतरण्याची सोय राहिली नाही, आणि त्याबद्दल मला हळहळ नाही. दवाखान्यात वेळेवर पोहोचणे मला बोरांपेक्षा महत्त्वाचे वाटते. आई घराच्या ओट्यावर गहू निवडत होती. सहज म्हणून मी तो प्रश्न तिला विचारला. उत्तराची अपेक्षा नव्हती.

ती हात न थांबवता सांगू लागली. “काळ्या रानात पावसाळ्यात रूळ पोहतोय बघ. खडी खाली बुडती, चिखल वर येतोय. मग सिलिपरच्या खालचा चिखल उपसायचा, नवी खडी सारायची आणि बीटरनं ठोकून बसवायची. दोघांनी समोरासमोर उभं राहून. एकट्यानं ठोकली की खडी पलीकडनं निघून जाती.” उन्हाळ्यात भेगांत खडी गडप होते, म्हणून त्या आधी बुजवायच्या. फिशप्लेटला ती ‘फिसपलेट’ म्हणे. गेजची पट्टी, मुकादमाची ट्रॉली, लाल बावटा, धोक्याच्या वेळी रुळावर बांधायचे फटाके, सारे तिला ठाऊक होते. मी विचारले, तुला हे कसे माहीत? ती म्हणाली, “भाकरी घेऊन रोज कोण जात हुतं?” डबा रिकामा होईपर्यंत ती बाभळीखाली बसे आणि काम पाही. खडी तर तिने 72 च्या दुष्काळात स्वतः फोडली होती. कोणता दगड ठोकला की टिकतो आणि कोणता पिठासारखा होतो, हे तिच्या हातांना कळत होते.

त्या दुपारी माझ्या वहीत साठाहून अधिक शब्द जमले. रूळ उचलताना गँग ज्या आरोळ्या देई, त्याही मी विचारल्या. एक तिने अर्धी म्हटली आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. “ऱ्हाऊ दे. तुझ्या पुस्तकात नको त्या.” पुष्कळ आर्जवे केली, तरी ती बधली नाही. त्यामुळे प्रस्तुत विषयावरील माझ्या टिपणात एक प्रकरण कायमचे अपुरे आहे.

त्या गृहस्थांना मी आईचे उत्तर इंग्रजीत कळवले. उलट टपाली दोन पानांचे पत्र आले. दोघांनी समोरासमोर ठोकायचे हे आम्हीही असेच करतो, असे त्यात होते, आणि सोबत फावडे घेतलेल्या पाच-सहा म्हाताऱ्यांचे एक छायाचित्र. आईला मी सगळे समजावून सांगितले. ही माणसे पगार घेत नाहीत, सुट्टीच्या दिवशी आपल्या पैशाने येतात आणि गँगचे काम करतात. तिने चष्मा पुसून फोटो नीट पाहिला. मग विचारले, “आणि यांची भाकरी कोण घिऊन येतं?”

आपापला डबा घरून आणतात, मी म्हणाले.

“मग बरंय,” ती म्हणाली आणि फोटो वडिलांच्या तसबिरीमागे खोचून ठेवला.