भरती किती वाजता?

मैत्रिणींनो, एका दिवसात जाऊन यायची सहल म्हटली की आपल्या अंगात काय संचारतं कोण जाणे! कोल्हापूरला निघालो तर अंबाबाई हवी, पन्हाळा हवा, जोतिबा हवा आणि ‘एवढं आलोच आहोत तर’ नरसोबाची वाडीही हवी. रात्री घरी परततो तेव्हा पोरं रडकुंडीला आलेली, पाय सुजलेले आणि नवराबायकोत अबोला. तुम्ही हसाल, पण मी याच पंथातली. त्यातून शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे वेळापत्रक आखायची खोड हाडीमाशी खिळलेली. ती खोड माझ्या सासूबाईंनी एका रविवारात कशी उतरवली, ते आज सांगायचं आहे.

आम्ही राहतो अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यात, सव्हाना नावाच्या गावी. गाव म्हणजे तसं शहरच, पण २०२० च्या शिरगणतीत लोकसंख्या दीड लाखाच्याही आत. १७३३ साली जेम्स ओगलथॉर्प यांनी ते वसवलं, तेव्हापासूनचे चौक अजून आहेत. एकूण बावीस चौक, प्रत्येकात मोठमोठे ओकचे वृक्ष आणि त्यांना लोंबणाऱ्या राखाडी जटा. लोक तिला शेवाळ म्हणतात, पण ती खरी अननसाच्या कुळातली वनस्पती. सासूबाई आल्या आल्या म्हणाल्या, “पिंपळावर मुंजा असतो ना, तसा इथे प्रत्येक झाडावर साधू बसलाय!”

आमच्यापासून साधारण एकशे सत्तर किलोमीटरवर, शेजारच्या साऊथ कॅरोलायना राज्यात, चार्ल्सटन आहे. तेही जवळपास एवढंच, पण अधिक जुनं, १६७० सालचं. गाडीने दोन तासांचा रस्ता. सासूबाईंचं परतीचं तिकीट दहा दिवसांवर आलेलं, ह्यांना सुटी फक्त रविवारची, तेव्हा ठरलं की सकाळी जायचं आणि रात्री परत यायचं.

झालं, मी वही उघडली. साडेसहाला प्रस्थान. साडेआठ ते साडेनऊ रंगीत घरांची ओळ आणि समुद्रकाठची बाग. मग जुना बाजार. मग गुलामगिरीच्या इतिहासाचं, २०२३ साली उघडलेलं मोठं संग्रहालय. दुपारी बोटीने सम्टर किल्ला. १८६१ सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धाचा पहिला तोफगोळा याच किल्ल्यावर पडला होता. पाचला परत. शिवाय दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, दहीभात, पाण्याच्या बाटल्या, सगळ्याची यादी.

आदल्या रात्री कोजागिरीचं दूध आटवत होते. सासूबाई जवळ बसून बदाम सोलत होत्या. त्यांनी विचारलं, “तिकडे उद्या भरती किती वाजता आहे गो?”

मी हसले. म्हटलं, “आई, आपण गाडीने जातोय, होडीने नाही!”

त्या काही बोलल्या नाहीत. बदाम सोलत राहिल्या.

सकाळी वेळेवर निघालो. नदीवरचा उंच पूल ओलांडला की राज्य बदलतं. पुढे मोठा महामार्ग, आणि मग तो सोडून सतरा क्रमांकाचा जुना रस्ता. इथून खरी गंमत सुरू होते. ॲशपू, कंबाही आणि एडिस्टो या तीन नद्यांचा हा पाणथळ मुलूख. दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत, मधून खाऱ्या पाण्याच्या वळणावळणाच्या वाटा, वर बगळे. कोकणातल्या कोणालाही वाटावं की आता पुढच्या वळणावर आपली वाडी येणार.

कंबाही नदीच्या पुलावर गाडी आली आणि सासूबाई एकदम ताठ बसल्या. “थांबव रे जरा. तो बांध बघू दे.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. आणि म्हटलं, “येताना बघू हं आई. आत्ता वेळ नाही.”

शब्द वाईट नव्हते, पण सूर होता वर्गातल्या मुलाला गप्प बसवण्याचा. तुम्हांला कळेलच तो सूर. सासूबाईंनी पदर सारखा केला आणि त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. चार्ल्सटन येईपर्यंत एक शब्द नाही.

नऊच्या सुमाराला शहरात शिरलो, बाजाराच्या दिशेने वळलो, आणि पाहतो तो काय, रस्त्यात पाणी! पावसाचा थेंब नाही, आभाळ स्वच्छ निळं आणि रस्त्यावर घोटाभर समुद्र. गटारांतून वर आलेला. पोलिसांनी आडवे खांब लावलेले. चार्ल्सटन इतकं सखल आहे, आणि समुद्राची पातळीही आता वाढलेली, की शरद ऋतूतल्या पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला सखल रस्त्यांवर असं पाणी चढतं. खारं पाणी गाडीच्या यंत्राला वाईट, त्यातून गाडी घालायची नसते.

माझी लेक मागून म्हणाली, “आजी, तू काल हेच विचारत होतीस ना?”

“काल पुनव झाली बाळा,” आजी शांतपणे म्हणाली. “उधाण असणारच. दोन तासांत उतरेल.”

त्या क्षणी धरणी दुभंगून मला पोटात घेती तर बरं झालं असतं. फोनवर नकाशा होता, हवामान होतं, बोटीची वेळ होती, बाजार उघडायची वेळ होती. भरतीची वेळही त्याच फोनवर होती. ती पाहायचं सुचलं फक्त तिला, जी खाडीकाठी वाढली होती.

उंचावरच्या एका रस्त्यावर गाडी लावली आणि गाडीतच दशम्या सोडल्या. वही मी पर्समध्ये टाकली. रंगीत घरं गेली, बोट गेली, किल्ला गेला. आणि खरं सांगू? त्या दीड तासात ह्यांनी आईशी जेवढ्या गप्पा मारल्या तेवढ्या पाच महिन्यांत मारल्या नव्हत्या.

अकरापर्यंत पाणी ओसरलं. बाजारात गेलो. तिथे काळ्या बायका ओळीने बसून टोपल्या विणत होत्या. गोडसर वासाच्या एका गवताच्या, ताडाच्या पातीने बांधलेल्या. गल्ला गीची म्हणतात त्या समाजाला. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे हे वंशज, आणि ही विद्या तिथूनच आलेली, तीनशे वर्षं टिकलेली. एक मोठी, पसरट, उथळ टोपली होती. सासूबाईंनी ती हातात घेतली आणि नकळत झटका दिला, पाखडतात तसा. विणणारी बाई खुदकन हसली. तिनेही हवेत तस्साच झटका दिला! मग मी विचारलं, तर खरंच, ती टोपली मूळची भात पाखडायची. म्हणजे सूपच की. एकीला इंग्रजी येत नाही, दुसरीला मराठी, पण दोघींचं संभाषण झालंसुद्धा.

किंमत ऐकून मी टोपली खाली ठेवणार होते. सासूबाई म्हणाल्या, “घासाघीस करू नको. विणून बघितलंयस कधी?” शेवटी तळहाताएवढी एक घेतली. तीही स्वस्त नव्हती.

दुपारी संग्रहालयात गेलो, म्हणजे संग्रहालयाखाली. ती इमारत खांबांवर उचललेली आहे आणि खाली मोकळी बाग आहे, सगळ्यांसाठी खुली. हाच तो धक्का, जिथे जहाजांतून हजारो आफ्रिकी माणसं आणून उतरवली. तिथल्या फरशीवर माणसांच्या आकृती कोरल्या आहेत, जहाजात कोंबून निजवलेल्या, एकीला एक लागून. त्यांवरून पाणी हळूहळू चढतं आणि उतरतं, भरती-ओहोटीसारखं. माझी लेक चौथीत आहे. तिने विचारलं, “ही माणसं कशाला आणली होती?” मी शिक्षिका, पण मला चटकन वाक्य सापडेना. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून वर दालनं पाहायला गेलो नाही. तासभर तिथेच बसून राहिलो. लेकीचा प्रश्न तसाच राहिला.

तीनला परत निघालो. वाटेत एका खोपटापाशी हाताने लिहिलेली पाटी होती: उकडलेल्या शेंगा! हो, आपल्याच. ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात तास न् तास उकडायच्या आणि गरमगरम पिशवीत भरून द्यायच्या. साऊथ कॅरोलायनाने तर २००६ साली हा आपल्या राज्याचा अधिकृत खाऊ ठरवला. सासूबाईंनी पहिली शेंग फोडली आणि दिवसभरात पहिल्यांदा मनापासून हसल्या.

आणि मग कंबाहीचा पूल. या वेळी मीच म्हटलं, “थांबवा.” पुलाजवळ होड्या पाण्यात उतरवायची जागा आहे, तिथे गाडी लावली. सासूबाई काठावर उभ्या राहिल्या आणि हात लांब करून दाखवू लागल्या: “तो बघ बांध. ती सरळ रेघ आहे ना, ती नदीने केलेली नाही, माणसाने केलेली आहे. तिथे उघाडी असणार. भरतीला बंद करायची, ओहोटीला उघडायची. इथे भात होत होतं.”

कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. पण त्यांचं बरोबर होतं. या नद्यांच्या काठी दोनशे वर्षं भातशेती झाली. दलदल तोडून, बांध घालून, भरतीच्या जोराने वर चढलेलं नदीचं गोडं पाणी उघाड्यांतून शेतात घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं. भात पिकवण्याचं ज्ञान होतं पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांचं, आणि श्रमही त्यांचेच. मळेवाले गबर झाले, चार्ल्सटनचे वाडे उठले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती शेती बंद पडली, पण बांध अजून दिसतात. या पुलाला हॅरिएट टबमन यांचं नाव आहे. स्वतः गुलामीतून निसटलेली ही बाई १८६३ सालच्या जूनमध्ये सैनिकांच्या बोटी घेऊन रात्री याच नदीतून वर आली आणि सातशेहून अधिक माणसांना एका फेरीत सोडवून घेऊन गेली.

मी लेकीला हे सांगत होते. माझं झाल्यावर सासूबाई बोलायला लागल्या. लग्नाला बारा वर्षं झाली, पण त्यांच्या माहेराबद्दल मी एवढं कधी ऐकलं नव्हतं. राजापूरकडची खाडी. आजा खोताचं कूळ. उधाणाच्या रात्री कंदील घेऊन बांधावर जागायचा. एकदा खांड पडली तेव्हा अख्खी वाडी चिखल घेऊन धावली, त्यात आजीही, पोटुशी. “बांध आमचा, खांड आमची आणि भात खोताचं,” त्या म्हणाल्या. “मक्ता घातला की उरेल त्यात वर्ष काढायचं.” १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती मोडायचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. मी बी. ए. ला इतिहास शिकले, हे साल पाठ केलं, आणि त्या सालाची नात माझ्या स्वयंपाकघरात बदाम सोलत होती!

“म्हणजे पणजोबाही गुलाम होते?” लेकीने विचारलं.

“नाही बाळा,” आजी म्हणाली. “त्यांना कोणी विकलं नाही. त्यांची पोरं कोणी तोडून नेली नाहीत. ते वेगळं, हे वेगळं. पण रात्री बांधावर जागणं म्हणजे काय, ते मला कळतं.”

दुपारी मला जे वाक्य सापडत नव्हतं, ते त्यांना सापडलं. सूर्य खाली येईपर्यंत आम्ही तिथेच होतो. वहीत त्या जागेचं नावसुद्धा नव्हतं.

तर मैत्रिणींनो, यातून मी जे शिकले ते तुमच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. एका दिवसाच्या सहलीत जाण्यायेण्याचे चार तास धरले तर हातात सहा-सात तास उरतात. त्यात दोनच ठिकाणं ठरवा, तिसरं ‘जमलं तर’. चाल ठरवावी ती घरात ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्या हिशोबाने, आपल्या नव्हे. दर दीड तासाला स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी बघून ठेवा. वडीलधाऱ्या बायका संकोचाने सांगत नाहीत आणि मग दिवसभर पाणीच पीत नाहीत. दुधातल्या दशम्या, कोरडी चटणी आणि केळी यांना तोड नाही. दहीभात न्यायचा तर भात पूर्ण गार करून, दूध जास्त, विरजण कमी, आणि डबा बर्फाच्या पिशवीशेजारी. समुद्रकाठी जाणार असाल तर भरतीची वेळ पाहा, मग ते चार्ल्सटन असो नाहीतर गणपतीपुळे. परतताना एक तास कशासाठीही न ठरवता मोकळा ठेवा.

आणि गाडीत मागे बसलेलं कोणी “जरा थांबव” म्हणालं, तर थांबा. ‘येताना बघू’ म्हणू नका. आम्हांला त्या दिवशी येताना बघायला मिळालं, हे आमचं नशीब.

सासूबाई आता राजापूरला आहेत. ती तळहाताएवढी टोपली मी त्यांच्या सामानात घालत होते, तर त्यांनी काढून माझ्या ओट्यावर ठेवली. म्हणाल्या, “माझ्याकडे सूप आहे. हे तुझ्याकडे असू दे.” मी तिच्यात लसूण ठेवते. पुढच्या महिन्यात पुन्हा एका दिवसासाठी कुठेतरी जायचं घाटतंय. वही काढली आहे, पण अजून एक अक्षर लिहिलेलं नाही. आधी राजापूरला फोन करायचा आहे.