भाजलेल्या धान्याचे पाणी

कोरियातल्या साध्या खानावळीत गिऱ्हाईक बसले की पाण्याचा जग समोर येतो. त्यातले पाणी पुष्कळदा फिकट तपकिरी असते आणि त्याला भाजलेल्या धान्याचा खरपूस वास येतो. हा बोरी-चा. सालासकट भाजलेले जव उकळून गाळलेले पाणी, एवढीच त्याची कृती. हातसडीचा तांदूळ भाजून केला की ह्योनमी-चा, मक्याच्या दाण्यांचा ओक्सुसु-चा, कुट्टूचा मेमिल-चा. यांपैकी कशातही चहाची पत्ती नसते, त्यामुळे कॅफीनही नसते. रात्री अकरा वाजता प्यायला तरी झोप उडत नाही.

आणि अकरा हीच तर खरी अडचणीची वेळ. पोट भरलेले असते, तरी तोंडात काहीतरी टाकावेसे वाटते. ही ओढ बहुधा खमंगपणाची असते. जव भाजताना त्यातली शर्करा आणि अमिनो आम्ले यांची प्रक्रिया होऊन पायराझीन गटातली सुगंधी द्रव्ये तयार होतात. भाजलेले शेंगदाणे, पावाची कड आणि कॉफी यांच्या वासातही तीच असतात. म्हणजे खाऊचा डबा उघडताना नाक जे शोधत असते, ते कपात बरेचसे मिळते, तेही साखर-तेलावाचून. शिवाय चहा गरम असतो. तो घोटाघोटाने प्यावा लागतो आणि तेवढ्या वेळात खाण्याची लहर अनेकदा ओसरते. खऱ्या भुकेवर मात्र हा उतारा नव्हे. पातळ पेय जठरातून लवकर पुढे सरकते, आणि भुकेल्या माणसाने जेवावे हेच बरे.

खाणे इथे संपले, हे पेयानेच सांगायची कोरियन घरांतली जुनी रीत म्हणजे सुंगन्युंग. भात शिजायचा गामासोत नावाच्या जड, बिडाच्या हंड्यात, चुलीवर. भात काढून घेतला की तळाशी सोनेरी, कडक खरपुडी उरे, ती नुरुंगजी. हंड्यात पाणी ओतून झाकण ठेवायचे. चुलीतल्या उरल्यासुरल्या विस्तवावर ते पाणी उकळे, खरपुडी मऊ पडे, आणि जेवण उरकेपर्यंत दुधट, किंचित करपट वासाचे ऊन पेय तयार होई. त्यासाठी वेगळे सरपण लागत नसे, तांदळाचा कण वाया जात नसे आणि हंडाही आपोआप स्वच्छ होई. तिखट-खारट किमची आणि लसणाने भरलेल्या तोंडाला ते पाणी शांत करी. इतका काटकसरी आणि इतका सभ्य शेवट फार थोड्या स्वयंपाकघरांना साधला आहे. चहाच्या झाडाची कहाणी कोरियात मोठीच आहे: ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथानुसार 828 साली किम देर्योम या दूताने तांग राजवटीच्या चीनमधून बिया आणल्या आणि त्या जिरी डोंगरावर लावल्या गेल्या, पुढे जोसन राजवटीत, 1837 मध्ये, चोउई या भिक्षूने कोरियन चहावर ‘दोंगदासोंग’ हे काव्य रचले. पण याच राजवटीत बौद्ध मठांचे वजन घटले, तसा पत्तीचा चहाही मागे पडला. घराघरांत रोजचे पेय राहिले ते हंड्याच्या तळाचेच. विजेचे भातकुकर आले, त्यांत खरपुडी धरेना, आणि ही रीत विरळ झाली. आता नुरुंगजी पाकिटातून मिळते. दगडी भांड्यात भात देणाऱ्या खानावळींत मात्र अजून भात वाडग्यात काढून घेतात, तापलेल्या भांड्यात किटलीतले गरम पाणी ओततात, चर्र आवाज होतो, आणि लाकडी झाकण बसते.

पारंपरिक म्हणून विकला जाणारा प्रत्येक चहा रात्रीची खाण्याची लहर मोडण्याच्या कामाचा नाही. युजा-चा म्हणजे युजू लिंबाच्या साली साखरेत किंवा मधात मुरवून केलेला मुरंबा, गरम पाण्यात ढवळलेला. देचु-चा लाल बोरे तासन्‌तास शिजवून दाट केलेला असतो, वर चिलगोज्यासारखे पाइनच्या बियांचे दाणे तरंगतात. सर्दीत किंवा कडाक्याच्या थंडीत दोन्ही अप्रतिम. पण बिस्किट टाळण्यासाठी ते पिणे म्हणजे बिस्किटच पिणे. ओमिजाची लाल फळे रात्रभर थंड पाण्यात भिजवली तर गुलाबी, आंबटसर पेय मिळते. उकळल्यास ते कडू-तुरट होते. बिनसाखरेचे हे पाणी गोडाची इच्छा चांगली मोडते, मात्र आंबट सोसणाऱ्यांनीच घ्यावे.

रोजच्यासाठी बोरी-चाला तोड नाही. लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे भाजलेले जव घालून दहा-पंधरा मिनिटे उकळावे आणि लगेच गाळावे. दाणे तसेच राहिले तर पिष्ट उतरून पाणी गढूळ होते. उन्हाळ्यात तेच फ्रिजमध्ये गार करून पितात. साध्या पाण्यापेक्षा ते लवकर खराब होते, म्हणून दोन-तीन दिवसांत संपवावे. जवात ग्लूटेन असते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी मका किंवा तांदूळ निवडावा.