मशीन अडते, सुई अडत नाही
ओडिशातील पिपिली गावाच्या रंगीत ठिगळकामाची ओळख

भुवनेश्वर सोडून पुरीच्या रस्त्याला लागले की धौलीच्या टेकडीवरचा पांढरा शांतिस्तूप मागे पडतो. भाताची खाचरे आणि नारळाची झाडे सुरू होतात. साधारण वीस किलोमीटर गेल्यावर पिपिली लागते आणि बाजाराच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी रंगांची जत्रा भरल्यासारखी वाटते. दुकानांच्या छपरांना कापडी आकाशकंदील लटकलेले असतात. लाल, पिवळ्या, हिरव्या छत्र्या उघडून ठेवलेल्या असतात. भिंतींवर कापडाचे हत्ती, मोर आणि पोपट असतात. पर्यटकांच्या गाड्या थांबतात, पिशव्या आणि कंदिलांची खरेदी होते आणि मंडळी पुरीकडे निघून जातात.

दुकानाच्या मागच्या खोलीपर्यंत मात्र फार थोडे जण जातात. तिथे कापडांच्या ढिगात कोणी नमुने कापत असते, कोणी कडा दुमडत असते आणि कोणी मांडी घालून सुईने टाके घालत असते. कोपऱ्यात एक पायमशीन असते. त्याचा काळा रंग उडालेला, लाकडी फळी हातांनी गुळगुळीत झालेली. घरातल्या सर्वांचे कान त्याच्या आवाजाकडे असतात. त्याची लय बिघडली की पुढच्या दिवसाचा हिशेब बिघडला, हे सगळ्यांना कळते.

देवाच्या छत्रापासून दिवाणखान्यापर्यंत

पिपिलीच्या कलेला ओडिशात ‘चांदुआ’ म्हणून ओळखतात. चांदुआ म्हणजे छत किंवा चांदवा. एका रंगाच्या कापडावर दुसऱ्या रंगाच्या कापडाचे आकार बसवून ते शिवायचे, अशी ही पद्धत आहे. आपल्याकडच्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडले जातात, त्याची आठवण हे काम पाहून होते. फरक इतकाच, की गोधडी थंडीसाठी जन्माला आली आणि चांदुआ देवासाठी.

पुरीच्या जगन्नाथ मंदिरातील उत्सवांना पूर्वीपासून कापडी वस्तू लागत आल्या आहेत. मूर्तीवर धरायचे छत्र, मिरवणुकीत पुढे न्यायचे मोठे पंखे, तरास नावाचे मानचिन्ह, झालरी आणि छत. रथयात्रेचे तीन रथ दरवर्षी नव्याने बांधले जातात आणि दरवर्षी त्यांना नवी वस्त्रे चढतात. जगन्नाथाच्या सोळा चाकांच्या नंदिघोष रथाला लाल-पिवळे कापड, बलभद्राच्या चौदा चाकांच्या तालध्वजाला लाल-हिरवे आणि सुभद्रेच्या बारा चाकांच्या दर्पदलनाला लाल-काळे. रथांची वस्त्रे शिवण्याचा मान मंदिराच्या सेवेतील दर्जींचा. पिपिलीतील कारागिरी याच सेवेच्या सावलीत वाढली.

पुढे पर्यटक आले आणि देवाच्या छत्रावरचे मोर, पोपट, कमळे, सूर्य-चंद्र घराच्या वस्तूंवर उतरले. उशांचे अभ्रे, पलंगपोस, पत्रे ठेवण्याचे खिसे, खांद्याच्या पिशव्या, दिव्यांची झाकणे, बागेत लावायच्या मोठ्या छत्र्या असे आता सारे काही पिपिलीत मिळते. पूर्वी लाल, पांढरा, काळा, पिवळा असे मोजके रंग असत. आता मखमल, साटीन आणि आरसेही आले आहेत. या कामाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

एकाच वेळी पाच कामे

ज्येष्ठ महिन्यातला एखादा दिवस घेतला तर घरातल्या कामाची कल्पना येते. रथयात्रा आषाढ शुद्ध द्वितीयेला असते. आपल्याकडे पालख्या पंढरीच्या वाटेवर असतात, तेच हे दिवस. पुरीत रथांचे काम अक्षय्य तृतीयेलाच सुरू झालेले असते. ती तारीख पुढे जात नाही. यात्रेला लाखो माणसे येणार, त्यांच्यासाठी दुकाने भरलेली हवीत.

त्यामुळे खोलीत एकाच वेळी पाच कामे पसरलेली असतात. एका बाजूला चांदव्याचा मधला चौक तयार होत असतो. दुसरीकडे त्याच्या कडेच्या पट्ट्या. छत्र्यांच्या पाकळ्या कापून ठेवलेल्या असतात, पण जोडायच्या बाकी असतात. पिशव्यांना अस्तर लावायचे असते. कंदिलांच्या झालरी अर्ध्यावर असतात. लग्नाच्या वरातीसाठी कोणी छत्र्या सांगून गेलेले असते, तर कोणी व्यापारी पन्नास पिशव्यांची आठवण करून देत असतो.

यातले कोणते काम सुईचे आणि कोणते मशीनचे, याची वाटणी ठरलेली असते. मोराची मान, हत्तीची सोंड, कमळाची पाकळी अशी वळणे हाताने शिवायची. कापडाची कड सुईच्या टोकाने आत ढकलत, अंगठ्याने दाबत बारीक टाके घालावे लागतात. पाकळी फुगीर दिसावी म्हणून कापडाला चुण्या घालतात, आरशाभोवती काजाच्या टाक्यासारखे टाके विणतात. हे मशीनला जमत नाही. उलट लांब सरळ पट्ट्या जोडणे, झालर लावणे, अस्तर शिवणे, छत्रीच्या पाकळ्या सांधणे ही मशीनची कामे. हाताने त्यांना एक दिवस लागेल, तिथे मशीन तासाभरात मोकळे करते.

म्हणजे कलाकुसर हाताची असली तरी वस्तू पुरी होते ती मशीनवर. बाजूला तयार मोरांचा ढीग पडला आहे, पण चांदवा काही तयार नाही, अशी वेळ येते ती मशीन रुसल्यावर.

मशीन रुसते तेव्हा

आयझॅक सिंगर यांनी अमेरिकेत 1851 मध्ये आपल्या शिलाई मशीनचे पेटंट घेतले. तेव्हापासून यंत्र बरेच बदलले, पण मूळ गोष्ट तीच राहिली. वरचा दोरा सुईतून खाली जातो, बॉबिनचा दोरा त्यात अडकतो आणि कापडाच्या मध्ये दोघांची गाठ पडते. ही गाठ पडण्याची वेळ केसभर चुकली की टाका सुटतो.

पिपिलीच्या कामात ती चुकण्याची कारणे पुष्कळ. मखमल घसरते. खालचे कापड पुढे जाते आणि वरचे मागे राहते. मखमलीची लव झडून कापड सरकवणाऱ्या दात्यांत आणि बॉबिनच्या घरात साठते. छत्रीच्या टोकाशी कापडाचे पाच-सहा थर एकत्र येतात आणि तिथे सुई वाकते. त्यात समुद्र जवळ. ज्येष्ठाच्या शेवटी हवा ओली होते, चामडी पट्टा सैल पडतो, चाक फिरते पण मशीन चालत नाही. सुईवर बारीक गंज चढतो आणि दोरा तटातट तुटू लागतो.

अशा वेळी अनुभवी हात आधी घाबरत नाहीत. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे जाळे झाले तर नवशिक्या बॉबिनला दोष देतात. खरे तर बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. कापड दाबणारा पाय खाली असताना दोरा ओवला, तर तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसत नाही. पाय वर उचलून दोरा पुन्हा पहिल्यापासून ओवला की निम्मी भांडणे मिटतात. मधूनमधून टाके सुटत असतील तर सुई बदलायची. तिच्या दांड्याची सपाट बाजू खाचेत बरोबर बसली आहे ना, ते पाहायचे. साध्या सुती कापडाला चौदा नंबरची सुई चालते, पण मखमलीच्या थरांना सोळा किंवा अठरा नंबरचीच हवी.

पट्टा सैल झाला तर त्याचा तुकडा कापून तो पुन्हा जोडतात. दात्यांतली लव जुन्या दातांच्या ब्रशने काढतात. तेल एक-दोन थेंबच घालायचे, आणि त्यानंतर आधी चिंधीवर टीप मारायची. नाहीतर पिवळ्या साटीनवर काळा डाग पडतो आणि आठवड्याची मेहनत वाया जाते. शिकाऊ मुलीला पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या जातात. चाक उलटे फिरवायचे नाही आणि कापड ओढायचे नाही. कापड मशीन नेते, हाताने फक्त वाट दाखवायची.

यातल्या बहुतेक गोष्टी आपल्या घरातही उपयोगी पडतील. लग्नात मिळालेले मशीन अनेक घरी वर्षानुवर्षे झाकून ठेवलेले असते. दिवाळीच्या आधी परकर-झबली शिवायला काढले की तेही असेच रुसून बसते.

थांबायचे नाही

एवढे करूनही कधी मशीन चालत नाही. शटल झिजलेले असते, सुटा भाग आणायला शहरात जावे लागते, किंवा मिस्त्री चार दिवस येत नाही. चार दिवसांत मजुरी थांबते, कारण बहुतेकांना पैसे नगावर मिळतात. जितके नग, तितके पैसे. ठरलेल्या दिवशी माल दिला नाही तर व्यापारी पुढच्या वर्षी दुसऱ्या दारात जातो. एका झिजलेल्या शटलमुळे मुलाच्या शाळेची फी पुढे ढकलावी लागते, हे बाहेरून कंदील पाहणाऱ्याला कसे कळणार?

म्हणून पिपिलीतल्या घरांत कामे अशी लावतात की मशीन बंद पडले तरी हात रिकामे राहू नयेत. वळणांची कामे, आरसे, चुण्या हे सगळे त्या दिवसांत पुढे काढायचे. मशीनची कामे एका बाजूला गठ्ठा करून ठेवायची. शेजारच्या घरचे मशीन रात्री मोकळे असेल तर तो गठ्ठा तिकडे न्यायचा. उद्या त्यांचे अडले तर ते इकडे येतील. अगदीच नड आली तर पट्ट्या हातानेच जोडायच्या. वेळ लागतो, बोटे दुखतात, पण चांदवा तयार होतो. मशीन येण्याआधी सारे चांदवे असेच होत होते, हे घरातली म्हातारी माणसे हटकून सांगतात.

या सवयीची परीक्षा 3 मे 2019 रोजी झाली. त्या दिवशी ‘फनी’ चक्रीवादळ पुरीजवळ किनाऱ्यावर आदळले. घरांची छपरे उडाली, झाडे पडली, विजेचे खांब आडवे झाले. पुरी जिल्ह्यातील गावे कितीतरी दिवस अंधारात होती. विजेची मोटर बसवलेले मशीन अशा वेळी निरुपयोगी ठरते, तर जुने पायमशीन आणि सुई दिवसाच्या उजेडावर चालू शकतात. अक्षय्य तृतीया अवघ्या चार दिवसांवर होती. रथयात्रा ठरल्या दिवशी, 4 जुलैला निघाली.

पुढच्याच वर्षी वेगळे संकट आले. करोनामुळे 2020 ची रथयात्रा भाविकांविना झाली. रथ निघाले, पण बाजारात गिऱ्हाईक नव्हते. यंत्र बिघडले तर सुई आहे, पण गिऱ्हाईक थांबले तर काय, हा प्रश्न तेव्हा पिपिलीसमोर उभा राहिला. नवा रुंद रस्ता गावाबाहेरून गेल्यामुळे पुरीच्या अनेक गाड्या आता बाजारात न शिरताच पुढे जातात. त्यामुळे तो प्रश्न आजही पूर्णपणे सुटलेला नाही.

खरे काम ओळखा

खरेदी करताना वस्तू उलटी करून पाहावी. हाताच्या कामात आकाराची कड आत दुमडलेली असते आणि टाके जवळजवळ असले तरी यंत्रासारखे एकसारखे नसतात. सगळा मोर मशीनच्या एकाच टिपेने कडेकडेने शिवलेला असेल आणि कापडाचे धागे बाहेर डोकावत असतील, तर तो झटपट उरकलेला माल समजावा. तो स्वस्त असतो आणि पहिल्या धुण्यातच उसवतो. मशीन वापरले म्हणून काम खोटे ठरत नाही. पट्ट्या आणि अस्तर मशीनवर असणारच. पाहायचे ते मोराच्या मानेकडे. तिथे सुईने वेळ दिला असेल तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही, कारण ते पैसे त्या वेळाचेच असतात. मखमलीच्या वस्तू घरी न धुता ब्रशने झटकाव्यात. सुती वस्तूंचा रंग जातो का, ते आधी कोपरा भिजवून पाहावे.

जाण्याची सोय

मुंबईहून कोणार्क एक्सप्रेसने थेट भुवनेश्वरला जाता येते. तिथून पुरीकडे जाणाऱ्या बस आणि टॅक्सी मिळतात. चालकाला बाहेरच्या रस्त्याने न जाता पिपिलीच्या बाजारातून गाडी घ्यायला मात्र आठवणीने सांगावे. पिपिलीहून पुरी सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे आणि कोणार्ककडे जाणारा फाटाही इथूनच फुटतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ हवेच्या दृष्टीने चांगला. कामाची धांदल पाहायची असेल तर रथयात्रेच्या आधी जावे, मात्र उकाडा आणि गर्दी सोसण्याची तयारी हवी.

दुकानदाराला विनंती केली तर तो बहुधा मागची खोली दाखवतो. तिथे मशीनचा आवाज येत असेल तर काम सुरळीत चालले आहे. आवाज बंद असेल तर एखादी बाई खिडकीच्या उजेडात लांब पट्टी गुडघ्यावर घेऊन हाताने टाके घालताना दिसेल. रथाच्या दिवसापर्यंत तिला ती पट्टी पुरी करायचीच आहे.